‘ब्यॅन’ची ‘म्ना’ कशी होते

मुलाच्या आयरिशच्या वहीत त्या दिवशी दोन ओळी होत्या. फ्यॅर – फिर. ब्यॅन – म्ना. पुरुष आणि त्याचं अनेकवचन, बाई आणि तिचं अनेकवचन. पहिल्या जोडीबद्दल त्याची काही तक्रार नव्हती, आतला स्वर बदलला एवढंच. दुसऱ्या जोडीवर मात्र तो अडला. “आई, ‘ब’ कुठे गेला?”

मी कणीक मळत होते. म्हटलं, “अपवाद असेल. पाठ कर.”

त्याने पाठ केलं, पण मला ते उत्तर रात्रपाळीभर टोचत राहिलं. कुडाळच्या शाळेत संस्कृतच्या बाई काही रूपांना हेच म्हणायच्या, अपवाद आहे, पाठ करा. तेव्हाही मला ते पटलं नव्हतं.

डब्लिनला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. मी प्रसूती विभागात नर्स आहे. ‘म्ना’ हा शब्द मी आल्या दिवसापासून बघते, कारण आयर्लंडभर स्वच्छतागृहांच्या दारांवर तो असतो. एका दारावर ‘फिर’, दुसऱ्यावर ‘म्ना’. रोमन लिपीतला तो ‘एम’ पाहून नवखे पाहुणे तो पुरुषांचा दरवाजा समजतात, आणि इथली माणसं त्यांना हाताला धरून दुसरीकडे वळवतात. पण दारावरच्या या शब्दाचं एकवचन ‘ब्यॅन’ आहे, हे मला मुलाच्या वहीमुळे कळलं.

ऑक्टोबरात मी संध्याकाळच्या आयरिशच्या वर्गात नाव घातलं. दर मंगळवारी दोन तास. पाळ्या बदलून घ्याव्या लागल्या, पण जमलं. शिकवणारी बाई कॉनेमाराची, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरची, आयरिश हीच तिची घरची भाषा. इथे शिक्षकांनाही नावाने हाक मारतात, ते माझ्या जिभेवर यायला महिना गेला.

पहिले तीन आठवडे नुसते उच्चार. आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजनाचे दोन अवतार असतात, एक जाडा आणि एक बारीक. ‘ब्यॅन’मधला ‘ब’ बारीक, म्हणून त्याच्यामागे ‘य’ची झाक ऐकू येते. वर्गातल्या बाकीच्यांना हे फार जड गेलं. मला मराठीचा आधार होता. आपण ‘चार’ म्हणतो आणि ‘चारा’ म्हणतो, अक्षर एकच पण जीभ दोन जागी लागते. तो फरक लहानपणापासून कानात असला की आयरिशचे हे दोन अवतार परके वाटत नाहीत.

चौथ्या आठवड्यात ‘ब्यॅन’ची रूपं आली. मी ती चालवायला घेतली, आपण ‘देवः देवौ देवाः’ चालवायचो तशी. नुसती बाई म्हणजे ‘ब्यॅन’. आधी ‘अन’ हे उपपद लागलं, म्हणजे ‘ती अमुक बाई’ म्हणायचं झालं, की ‘अन व्यॅन’. ‘ब’चा ‘व’ झाला. लिहिताना ‘बी’ तसाच ठेवून त्याच्यापुढे ‘एच’ घालतात. ‘त्या बाईचा’ म्हणायचं तर ‘न म्ना’. ‘त्या बायका’ म्हणायचं तरी ‘न म्ना’च. आणि ‘त्या बायकांचा’ म्हणायचं तर ‘न मान’. हे लिहितात ‘एम-बी-ए-एन’ असं, आणि मधला ‘बी’ उच्चारतच नाहीत. एका नामाची चार रूपं आणि चारही जणू एकमेकांना अनोळखी. बाईंनी स्वतः वाचून दाखवलं तेव्हा आणखी एक भर पडली, त्या ‘म्ना’ला ‘म्रा’ म्हणत होत्या. पश्चिमेला आणि उत्तरेला ‘म’पुढच्या ‘न’चा असा ‘र’ होतो, दक्षिणेकडच्या मन्स्टरमध्ये ‘न’च राहतो.

आपल्याकडे शब्दाचं शेपूट बदलतं. घोडा, घोड्याला, घोड्याचा. डोकं जागेवर असतं, म्हणून शब्दकोशात शब्द सापडतो. आयरिश शब्दाचं डोकंच बदलतं. व्याकरणात या बदलांना नावं आहेत. ‘ब’चा ‘व’ होतो त्याला ‘शेव्यू’ म्हणतात, म्हणजे मऊ करणं. ‘ब’च्या डोक्यावर ‘म’ येऊन बसतो आणि त्याला झाकून टाकतो, त्याला म्हणतात ‘उरू’. सूर्यग्रहणालाही आयरिशमध्ये हाच शब्द आहे. हे नाव मला फार आवडलं. ‘ब’ला ग्रहण लागतं. लिहिताना तो दिसतो, ऐकताना नाही.

पण का लागतं? बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही असंच बोलत आलो. ते उत्तर प्रामाणिकच होतं. मला कुणी विचारलं की ‘बाई’चं रीतसर अनेकवचन ‘बाया’ असताना तुम्ही ‘बायका’ का म्हणता, जे खरं तर ‘बायको’चं आहे, तर मीही तेच म्हणेन.

मग मी स्वतः शोधायला लागले, आणि पहिले दोन आठवडे चुकीच्या वाटेवर गेले. ‘ब्यॅन’, ‘व्यॅन’ हे घोळवता घोळवता मला ‘वनिता’ आठवली. ब आणि व आपल्याकडेही अदलाबदल करतात, अर्थही तोच, मी वहीत ठळक लिहून टाकलं. नंतर पाहिलं तर ‘वनिता’ निघते ‘वन्’ धातूपासून, त्याचा अर्थ हवंसं वाटणं, प्रेम करणं. ‘ब्यॅन’शी तिचं काही नातं नाही. ते पान मी फाडलं नाही, नुसती काट मारली. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून त्यांचं गोत्र एक होत नाही. खरे भाऊबंद तर बहुधा चेहऱ्याने अगदीच वेगळे निघतात, त्यांच्यातला फरक मात्र दरवेळी एकाच नियमाने पडलेला असतो.

तो नियम मला रूडॉल्फ टुर्नायसेन यांच्या जुन्या आयरिशच्या व्याकरणात मिळाला. मूळ जर्मन ग्रंथ १९०९चा, डब्लिनमध्ये बिंची आणि बर्गिन यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९४६चं. सार्वजनिक वाचनालयात मागणी नोंदवून मिळवला. लुआसने, म्हणजे इथल्या ट्रामने, कामावर जाताना रोज वीस मिनिटं वाचायचे. पुस्तक नुसत्या संक्षेपांनी भरलेलं, एकेका पानाला तीन तीन दिवस लागायचे. सोबत जुन्या आयरिशचा कोश होता. रॉयल आयरिश अकादमीने तो १९१३ ते १९७६ या काळात भागाभागांनी काढला आणि आता तो संगणकावर फुकट पाहता येतो.

नियम असा. आयरिश आणि संस्कृत या दोन्ही ज्या एका पूर्वज भाषेतून निघाल्या तिच्यात ‘ग्व’ असा एक ध्वनी होता, ओठ गोल करून म्हटलेला ‘ग’. आयरिश ज्या केल्टिक कुळातली, त्या कुळात त्याचा ‘ब’ झाला. संस्कृतात तो ‘ग’ राहिला किंवा ‘ज’ झाला. पडताळा घ्यायला दोन शब्द पुरले. आयरिशमध्ये गाईला म्हणतात ‘बो’, आपली ‘गो’. जिवंत म्हणजे ‘ब्यो’, आपला ‘जीव’. मग ‘ब्यॅन’च्या जागी आपल्याकडे ‘ग’ किंवा ‘ज’ पाहिजे, पुढे ‘न’ पाहिजे आणि अर्थ बाई पाहिजे.

‘जनि’. वेदातला शब्द, अर्थ स्त्री, पत्नी.

ट्रामचा माझा थांबा मागे गेला होता. पुढच्या थांब्यावर उतरून चालत आले आणि चालताना एकेक नातेवाईक आठवत गेला. फारसीत बाई म्हणजे ‘ज़न’, तोही याच मुळाचा. त्यातूनच आपल्याकडे ‘जनानखाना’ आला. इंग्रजीतली ‘क्वीन’ याच घरातली. ग्रीक ‘ग्युने’ही, आणि त्या ‘ग्युने’पासून ‘गायनॅकॉलॉजी’ हा शब्द बनला. मी रोज ज्या इमारतीत शिरते तिच्या पाट्यांवर तो आहे.

पण मुलाचा प्रश्न अजून तसाच होता. ‘ब’ कुठे गेला? त्याचं उत्तर डिसेंबरात लागलं, आणि सगळ्यात जास्त आनंद मला त्याचा झाला.

पूर्वज भाषेत या शब्दावरचा आघात जागा बदलायचा. कर्ता म्हणून आला की आघात मुळावर, म्हणून ‘ग्वेन’ असा मधला ‘ए’ टिकला. षष्ठीत आघात सरकून प्रत्ययावर गेला आणि मधला ‘ए’ गळून पडला. ‘ग्वेन’चं ‘ग्वन्-आस्’ झालं. आता केल्टिक नियमाने ‘ग्व’चा ‘ब’ करा. पहिल्याचं झालं ‘बेन’, आणि जुन्या आयरिशमध्ये बाईला ‘बेन’च म्हणत. दुसऱ्याचं झालं ‘ब्नास्’. ‘ब’ आणि ‘न’ असे खेटून आले की ‘न’चं नाकातलं बोलणं ‘ब’ला लागतं आणि ‘ब’चा ‘म’ होतो. ‘म्नास्’. शेवटचा ‘स्’ गळाला. ‘म्ना’.

म्हणजे ‘ब’ कुठेच गेलेला नाही. ‘म्ना’मधला ‘म’ हाच तो ‘ब’. अपवाद वगैरे काही नाही, एक स्वर गळाला आणि उरलेली दोन व्यंजनं जवळ आली, एवढंच.

आता आपल्याकडे बघा. स्वर टिकलेलं रूप ‘जनि’. स्वर गळलेलं रूपही वेदात आहे, ‘ग्ना’. देवांच्या पत्नींना ग्ना म्हटलं आहे. यास्कांच्या निरुक्तात ‘मेना’ आणि ‘ग्ना’ ही स्त्रियांची नावं म्हणून दिली आहेत. त्यांनी ‘ग्ना’ची व्युत्पत्ती ‘गम्’ धातूशी जोडली, आजचे भाषाशास्त्रज्ञ ‘जनि’शी जोडतात. पण एकात ‘ज’ आणि दुसऱ्यात ‘ग’ का? तर ‘ए’मुळे. ‘ए’, ‘ई’ हे स्वर पुढे आले की आधीचं व्यंजन टाळूकडे ओढलं जातं. हे आपल्या तोंडात आजही होतं. ‘माझा’ म्हणा आणि मग ‘माझी’ म्हणा, ‘झ’ची जागा बदललेली जाणवेल. तसाच त्या ‘ए’ने ‘ग’चा ‘ज’ केला. मग संस्कृतात ‘ए’ स्वतः बदलून ‘अ’ झाला, पण ‘ज’ मागे ठेवून गेला. ‘ग्ना’मध्ये ‘ए’ नव्हताच, म्हणून ‘ग’ला धक्का लागला नाही. संस्कृतात पुसला गेलेला तो ‘ए’ जुन्या आयरिश ‘बेन’मध्ये मात्र राहिला.

आणि ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात एक सामासिक शब्द आहे, ‘ग्नास्पति’. ग्नेचा पती. त्यातला ‘ग्नास्’ म्हणजे जुनी षष्ठी, बाईचा. ‘न म्ना’तला ‘म्ना’ म्हणजेही षष्ठी, बाईचा. ‘ग्नास्’ आणि ‘म्नास्’. मुलाच्या वहीतला शब्द मी त्या रात्री या शब्दासमोर लिहिला आणि बराच वेळ बघत बसले.

मुलाला सकाळी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ‘व्यॅन’मध्ये ‘व’ का?” त्याचंही उत्तर गळालेल्या अक्षरांतच आहे. ‘अन’ आणि ‘न’ ही आजची उपपदं फार आखूड दिसतात, पण मुळात ती लांब होती आणि प्रत्येक विभक्तीत त्यांचा शेवट वेगळा होता. बाई कर्त्याच्या जागी असताना उपपदाचा शेवट स्वराने व्हायचा. मग ‘ब’ दोन स्वरांच्या मध्ये सापडायचा आणि मऊ होऊन ‘व’ व्हायचा. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘प’चं आपल्याकडे असंच झालं, ‘दीप’चा ‘दिवा’, ‘ताप’चा ‘ताव’. पुढे उपपदाचा स्वर गेला, ‘व’ राहिला.

बायकांच्या षष्ठीत उपपदाचा शेवट अनुनासिकाने व्हायचा. ते अनुनासिक पुढच्या ‘ब’वर सांडलं आणि उपपद झिजल्यावरही तिथेच राहिलं. ‘न मान’मधला ‘म’ तोच. ग्रहण लागतं ते त्याचं. १९१४मध्ये डब्लिनला बायकांची संघटना उभी राहिली, स्वातंत्र्यलढ्यात तिचं मोठं काम आहे. तिचं नाव ‘कुमन न मान’, बायकांची संघटना. वर्गात ते नाव फळ्यावर लिहिलं तेव्हा त्या मुक्या ‘बी’पुढचा ‘एम’ मला वेगळाच दिसायला लागला.

कारण षष्ठी बहुवचनाचं अनुनासिक संस्कृतातही आहे, ‘देवानाम्’, ‘जनीनाम्’. प्राकृतात ते ‘-आणं’ झालं. मराठीत त्याचं काय उरलं? ‘बायकांचा’ या शब्दातला अनुस्वार. ‘बायकाचा’ आणि ‘बायकांचा’ यात एका टिंबाचा फरक, आणि शुद्धलेखनात त्या टिंबासाठी मी लहानपणी मार्क घालवलेत. आयरिश माणसं ‘ब’च्या आधी जो ‘म’ म्हणतात आणि आपण ‘का’वर जे टिंब देतो, ती एकाच जुन्या प्रत्ययाची दोन घरी राहिलेली खूण आहे. त्यांच्याकडे ती पुढच्या शब्दाच्या डोक्यावर जाऊन बसली, आपल्याकडे शब्दाच्या शेपटावर राहिली.

तिसरा गळालेला ध्वनी ‘स्’. तोही माग ठेवून गेला. १९९०मध्ये मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, तेव्हाच्या भाषणात त्यांनी ‘म्ना न हेरिन’चा, आयर्लंडच्या बायकांचा, उल्लेख केला. देशाचं नाव ‘एरे’, त्याची षष्ठी ‘एरिन’. मग हा ‘ह’ कुठला? उपपदाच्या शेवटचा ‘स्’ विरघळताना ‘ह’ झाला आणि पुढच्या स्वराला चिकटला. आपणही ‘दश’चं ‘दहा’ केलंच की.

या शोधात एक जुना माणूसही भेटला. व्हिटली स्टोक्स, जन्म डब्लिनचा, १८३०चा. १८६२मध्ये वकील म्हणून भारतात आला, पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात कायद्याचा सदस्य झाला. दिवसा भारताचे कायदे आणि उरलेल्या वेळात जुनी आयरिश. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेल्या कॉर्मॅक नावाच्या राजा-बिशपच्या नावावर आयरिश शब्दांचा एक जुना कोश आहे. जॉन ओडोनोव्हनने केलेलं त्याचं भाषांतर स्टोक्सने संपादून १८६८मध्ये छापलं, ते कोलकात्यात. तिथल्या उकाड्यात आयरिश शब्दांची मुद्रितं तपासणारा हा माणूस मला आपला वाटतो. मी त्याच्या उलट्या दिशेने आलेय.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८३मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या लार्झाकच्या पठारावर एका बाईच्या थडग्यात शिशाचा पत्रा सापडला. त्यावर गॉलिश भाषेत, म्हणजे आयरिशच्या लुप्त झालेल्या चुलत बहिणीत, मजकूर कोरलेला आहे. साधारण इसवी सन १०० च्या सुमाराचा. त्यात शब्द आहेत, ‘ब्नानोम ब्रिक्तोम’. बायकांचा मंत्र, बायकांची जादू. तो ‘ब्न’ अजून ‘म्न’ न झालेला, शेवटचं अनुनासिक अजून जागेवर. आणि संत पॅट्रिकच्या नावाने म्हटलं जाणारं एक जुनं आयरिश स्तोत्र आहे, त्यात देवाकडे संरक्षण मागितलंय ते बायकांच्या, लोहारांच्या आणि द्रुइडांच्या, म्हणजे जुन्या केल्टिक पुरोहितांच्या, मंत्रांपासून. तिथे शब्द आहेत ‘ब्रिख्तु बान’. शेकडो वर्षांच्या अंतराने तेच दोन शब्द एकमेकांशेजारी. बायकांच्या मंत्राची भीती मात्र तेवढीच. दोन्हीकडे.

मार्चमध्ये वर्गातले आम्ही काही जण कॉनेमाराला गेलो, तीन रात्री, जिथे घरात आणि दुकानात आयरिश बोलतात अशा भागात. ज्या घरी उतरलो तिथल्या यजमानीणबाईंना सगळे ‘ब्यॅन अन ती’ म्हणतात, घराची बाई. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझं काम विचारलं. मी तुटक आयरिशमध्ये सांगितलं की बाळंतपणं करते. त्या म्हणाल्या, “आ, ब्यॅन घ्लूने.” गुडघ्याची बाई, म्हणजे सुईण. मग स्वतःहून शब्द देत गेल्या, मी वही काढून लिहीत गेले. ‘ब्यॅन शी’ म्हणजे टेकडीतल्या अदृश्य लोकांमधली बाई, घरात मरण येणार असलं की जिचं रडणं ऐकू येतं ती. इंग्रजीत तिचंच ‘बॅन्शी’ झालं. ‘ब्यॅन ख्येले’ म्हणजे बायको.

तिथेच वर्गातल्या एकाने विचारलं की मुलीला ‘कॅलीन’ म्हणतात तर हा शब्द व्याकरणात पुल्लिंगी कसा. त्याला ते फार विचित्र वाटत होतं. मला नाही वाटलं. माझी आजी मालवणीत मुलीला ‘चेडू’ म्हणायची आणि ‘ता चेडू’ असं नपुंसकलिंगात बोलायची. ‘एकटं बाईमाणूस’ तर आपण सगळेच म्हणतो. जुन्या आयरिशमध्येही तीन लिंगं होती आणि बाईला ‘बे’ असा एक नपुंसकलिंगी शब्दही होता, ‘ब्यॅन’च्याच मुळाचा. आयरिशमधलं नपुंसकलिंग पुढे गेलं, आपलं आहे. हे मी त्या टेबलावर सांगितलं, अर्धं आयरिशमध्ये, अर्धं इंग्रजीत. ब्यॅन अन ती हातातला चहाचा कप तसाच धरून ऐकत होत्या. म्हणाल्या, पुन्हा म्हण तुझ्या आजीचा शब्द. मी म्हटला. त्यांनीही म्हणून पाहिला. ‘च’ अगदी बरोबर लागला.

परत आले तर मुलाची वही पुढे गेली होती. शाळेत कू खुलेनची गोष्ट चालू आहे, कुलन लोहाराचा शिकारी कुत्रा म्हणून ज्याला ते नाव पडलं त्या मुलाची. “आई, कुत्रा म्हणजे ‘कू’,” तो म्हणाला, “आणि कुत्र्याचा म्हणजे ‘कोन’. हा ‘न’ कुठून आला?”

मी कपाटातून माझी शाळेतली शब्दरूपावली काढली. श्वा, श्वानौ, श्वानः. बोट खाली सरकवत षष्ठीपर्यंत नेलं. शुनः.